कालव्याच्या पुलाअलीकडे

वहिनी, तुझ्या सायकलचा मागचा ब्रेक नीट लागत नाही. दाबला की नुसता करकरतो आणि चाक आपलं फिरतच राहतं. हे तुला माहीत होतं का? माहीत असून तशीच चालवायचीस का? की इतके महिने पार्किंगमध्ये उभी राहून तार गंजली? तुला जाऊन अठरा दिवस झाले आणि मला पडलेले प्रश्न हे असे आहेत. लोक गेलेल्या माणसाला काय काय विचारत असतील, मी ब्रेकचं विचारतेय. तू हसली असतीस. ‘वन्सं, चाक फिरतंय ना, मग झालं,’ म्हणाली असतीस.

माझा स्वभाव तुझ्याइतका कोणी सोसला नाही. कारखान्यात दिवसभर तयार जीन्स उलट्या करून शिलाई बघायची, कुठे टाका सुटलाय, कुठे दोरा कच्चा आहे ते हुडकायचं, हेच माझं काम. आमचा सिंधी शेठ नव्या मुलींना सांगतो, दीदी की नजर से कुछ नहीं छूटता. कामावर ते ठीक आहे. पण विठ्ठलवाडीला घरी आल्यावरही माझे डोळे तेच करत बसतात. गॅसची नळी, दाराची कडी, गच्चीवरची टाकी, सगळ्यात मला सुटलेला टाका दिसतो. मी लग्न केलं नाही, त्यामुळे काळजी करायला माणसं कमी आणि वेळ भरपूर. सगळी काळजी बदलापूरला तुमच्या चौथ्या मजल्यावर येऊन साठायची, आणि दादा वैतागून बाहेर निघून जायचा. तू मात्र चहा ठेवायचीस आणि म्हणायचीस, बोला, आज काय काय होणार आहे?

सायकल चालवायला मला तूच शिकवलंस. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तू शाळेला सायकलने जायचीस, लग्नानंतर ती सुटली होती. दादाच्या सोसायटीत कोणीतरी दोन जुन्या सायकली काढून टाकत होतं, त्या तू उचलून आणल्यास आणि मला न विचारता एकीवर माझं नाव लावलंस. पार्किंगमध्ये तू मागून कॅरिअर धरायचीस आणि मी ओरडायचे, सोडू नकोस. तू कधी सोडलंस ते मला कळलंच नाही. तीन फेऱ्या मी एकटीच मारल्या होत्या आणि तू खांबाला टेकून उभी होतीस. तुझी ही खोड जुनीच. सांगायचं नाही, करू द्यायचं.

पहिल्यांदा आपण हायवेला गेलो तेव्हाचं मला अजून स्वप्नात येतं. डंपर इतका जवळून गेला की माझी ओढणी हवेत उभी राहिली. मी सायकल रस्त्याच्या कडेला टाकली आणि खाली बसले, म्हटलं, आता रिक्षाने घरी, झालं आपलं सायकलिंग. तू शेजारी बसलीस, बाटलीतलं पाणी दिलंस. मग म्हणालीस, जिथे गाडीच येऊ शकत नाही अशा रस्त्याने जाऊ. मला वाटलं, समजूत काढायला काहीतरी बोलतेस. असा रस्ता आता आपल्याकडे राहिलाय कुठे?

पुढच्या रविवारी तू मला उल्हास नदीचा पूल ओलांडून, बारवी धरणाचा रस्ता मध्येच सोडून, एका बांबूच्या बेटामागे नेलंस. तिथे दोन दगडी खांब पुरलेले आणि त्यांच्या मधून जेमतेम सायकल जाईल एवढी फट. पलीकडे कालवा. छोट्या बंधाऱ्याचा छोटासा कालवा, आणि त्याच्या काठाने मातीची वाट, सपाट, सावलीची. डंपर नाही, टेम्पो नाही, मोटरसायकलसुद्धा नाही. तुझं माहेरचं गाव ह्याच कालव्याच्या टोकाला होतं आणि ह्याच वाटेने तू शाळेत जायचीस, हे तू मला त्या दिवशी सांगितलंस. इतकी वर्षं आमच्या घरात राहिलीस आणि असा रस्ता तुझ्याजवळ होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

मला तेव्हा तो कालवा गरीब वाटला. दर रविवारी आपण जायचो आणि दर रविवारी त्यात जेमतेम घोटाभर पाणी. मी म्हटलंसुद्धा, शेतकऱ्यांचं कसं भागतं ह्याच्यावर? तू म्हणालीस, भागतं. एकदा मला रविवारी जादा काम होतं म्हणून मी शनिवारी जाऊ म्हटलं, तर तू नाही म्हणालीस. शनिवारी नाही जमत, एवढंच. मला वाटलं, तुझा उपास असतो म्हणून.

त्या वाटेवरचे तुझे नियम ठरलेले. पाडा आला की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. घंटी वाजवायची नाही. मला सुरुवातीला कळेना, रस्ता तर रिकामा आहे. तू म्हणालीस, हा रस्ता नाही, हे त्यांचं अंगण आहे. आणि खरंच, वाटेवर कोणाचं भात वाळत घातलेलं, कोणाच्या कोंबड्या, कोणी दात घासत बसलेलं. तू प्रत्येकाशी बोलायचीस. मी मागे उभी राहून कुत्र्यांवर नजर ठेवायचे.

आणि तो दोन दिवसांचा दौरा. त्यासाठी मी कारखान्यातल्या नापास जीन्सच्या कॅरिअरवर टाकायच्या पिशव्या शिवल्या होत्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन. तुझ्या पिशवीत एक जोडी कपडे आणि चिवडा. माझ्या पिशवीत दोन ट्यूब, पंप, दोन टॉर्च, मलमपट्टी, साखर-मिठाच्या पुड्या, दोरी आणि शिट्टी. शिट्टी कशाला, असं तू विचारलंस. मी म्हटलं, हरवलो तर. कालव्याच्या काठाने हरवणार कसे, तू म्हणालीस, पाणी जिकडे जातंय तिकडे जायचं. कालव्यावरून शेताच्या बांधावर, बांधावरून बैलगाडीच्या वाटेला लागून आपण तुझ्या मावसबहिणीच्या गावी पोचलो. कापणी झालेल्या शेतांतून जाताना मला पहिल्यांदाच असं झालं, की बराच वेळ डोक्यात काहीच आलं नाही. एका पाड्यावर बायकांनी विचारलं, नवरे कुठंत? तू म्हणालीस, ‘घरी ठेवलेत, घर सांभाळायला.’ मलाही त्या हिशेबात एक नवरा मिळाला. परत येईपर्यंत तू त्याची खुशाली विचारत होतीस.

पण पुलाचं आपलं कधी जमलं नाही. बंधाऱ्यापासून तासाभराच्या वाटेवर कालवा एका खोल ओढ्यावरून पलीकडे जातो. सिमेंटचा पन्हाळ, खाली उंच खांब, आणि पन्हाळाच्या बाहेरच्या अंगाला पाऊल मावेल असा दीड हात रुंदीचा कठडा. धरायला काही नाही. खाली नुसते धोंडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मी सायकल मागे घेतली. मी म्हटलं, मी ह्याच्यावरून जाणार नाही आणि तूही जायचं नाहीस. तू म्हणालीस, मी लहानपणापासून जाते. मग ठरलं ते असं: मी अलीकडे करंजाच्या झाडाखाली थांबायचं, तू सायकल घेऊन पलीकडे जायचं, पोचलीस की मिस्ड कॉल द्यायचा, दोन रिंगा. परत निघताना पुन्हा दोन.

आणि मी पाठ फिरवून उभी राहायचे. मला बघवत नव्हतं. तू दर वेळी म्हणायचीस, ‘वन्सं, एकदा वळून बघा तरी, मी कशी जाते ते.’ मी म्हणायचे, तू जा, मला सांगू नकोस. झाडाच्या खोडाकडे तोंड करून मी मोजत बसायचे. दीडशेच्या आसपास दोन रिंगा यायच्या आणि माझा श्वास सुटायचा. परत आलीस की तुझ्या चपला आणि सलवारीचे काठ ओले असायचे. पलीकडे कुठे तरी पाय धूत असशील असं मी समजायचे. पलीकडे काय आहे, असं मी विचारलं की तू म्हणायचीस, या म्हणजे कळेल. ह्यावरून आपण किती भांडलो. तू म्हणायचीस, मी उगाच घाबरते. मी म्हणायचे, घाबरणारं कोणी नसतं तर तू कधीच पडली असतीस. ह्या बोलण्याला काही अर्थ नव्हता, ते मला तेव्हाही कळत होतं.

मग गेल्या मार्चमधला तो रविवार. दीडशे झाले, दोनशे झाले, रिंग नाही. मी पाचशेपर्यंत मोजलं. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. तू फोन सायकलच्या पिशवीत टाकतेस आणि तुला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते धोंडेच होते. वळून बघायचं होतं, वहिनी. मान वळवायची होती, दुसरं काही नाही. मी मान वळवली नाही, दादाला फोन केला. वहिनी पुलावरून गेलीय आणि तिचा पत्ता नाही, ये. आणि त्याला वाट दाखवायला मी डांबरी रस्त्यापर्यंत सायकल हाणत गेले, ओढ्याकडे न बघता.

दादाला घेऊन आले तर तू करंजाखाली बसून पाणी पीत होतीस. तुझ्या रिचार्जची मुदत आदल्या दिवशी संपली होती. तुझ्याकडून फोन जात नव्हता, बस एवढंच झालं होतं. दादाचा चेहरा पांढरा पडलेला. त्याने पुलाकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं, आणि विचारलं, ‘ह्याच्यावरनं?’ तू बोलायला तोंड उघडलंस. तुझ्या आधी मीच म्हणाले, हो, ह्याच कठड्यावरून, दर रविवारी. तू तोंड मिटलंस.

दादा पुढे गेला तेव्हा तू मला एवढंच म्हणालीस, ‘भीती वाटली तर बघायला तरी यायचंत. ह्यांना कशाला बोलावलंत?’ रागाने नाही म्हणालीस. रागाने म्हणाली असतीस तर मी उत्तर दिलं असतं.

त्याच संध्याकाळी दादाने तुझ्या सायकलला पार्किंगच्या खांबाशी साखळी घातली आणि किल्ली आपल्या कपाटात ठेवली. माझ्या सायकलला घातली नाही. मी शहाणी ठरले होते. मला तेव्हा बरं वाटलं, हे आज लिहून टाकते. दोन-तीन आठवडे मी खरंच निवांत झोपले. मग मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटायला लागल्यावर मी बदलापूरला यायचंच कमी केलं. कधी जादा काम, कधी गुडघा. गुडघा दुखत होता, पण एवढा नाही.

भाऊबीजेला आले तेव्हा ओवाळून झाल्यावर दादाने विचारलं, काय पाहिजे? किल्ली, असं माझ्या ओठावर होतं. पण तू समोर उभी होतीस, आणि मला भीती वाटली की तू म्हणशील, आता कशाला? मी साडी घेतली. निघताना तू जिन्यापर्यंत आलीस आणि विचारलंस, रविवारी काय करताय? मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. बरं, म्हणालीस. ते ‘बरं’ मी रोज ऐकते.

मग ती सकाळ. दादाचा फोन, स्वयंपाकघरात पडली, मेंदूतली नस. मला आयुष्यभर जेवढ्या म्हणून गोष्टींची भीती वाटली, त्या यादीत ही नव्हती. कणीक मळताना, चौथ्या मजल्यावर, सपाट फरशीवर. दवाखान्यात तुझ्या नाकातोंडात नळ्या, आणि नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी, कधी कधी ऐकू येतं. बोलायचं तर खूप होतं. पण दादा शेजारी होता, बाहेर तुझ्या माहेरची माणसं, आणि मी काय बोलले माहीत आहे? नळी नीट लागलीय ना, एवढं नर्सला विचारलं. दोन दिवस तुझ्या उशाशी बसून मी नळ्याच तपासत होते.

दहाव्याला नदीकाठी मी तयारीने आले होते. कावळा शिवला नाही की घरचे एकेक जण पुढे होऊन सांगतात, मुलांचं बघू, घराचं बघू. मी ठरवलं होतं, माझी पाळी आली की म्हणेन, वहिनी, मी पुलापलीकडे येईन. रात्रभर घोकलं होतं. आणि पिंड ठेवून माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला, शिवला, उडून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. दादा रडत म्हणाला, काही इच्छा राहिली नाही तिची. मी मात्र तिथे उभी राहून घाबरले. म्हणजे तू माझी वाटच बघत नव्हतीस? की वाट बघून कंटाळलीस? मला कोणी काही विचारलंच नाही. माझं वचन माझ्याजवळच राहिलं.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले आणि मी दादाला म्हटलं, वहिनीच्या सायकलची किल्ली दे. तो म्हणाला, ती माझ्याकडे कुठे आहे? पाडव्याला ओवाळलंन तेव्हा तिने दुसरं काही मागितलंच नाही, किल्ली मागून घेतली. तिथे दाराच्या मागे खिळ्याला असेल.

मी दिवस मोजले. पाडवा, म्हणजे भाऊबीजेच्या आदल्या दिवशी. जिन्यात मला रविवारचं विचारलंस तेव्हा किल्ली तुझ्याकडे होती. मी दादाला विचारलं, मग ती गेली का नाही? तो म्हणाला, ‘मीपण विचारलं. म्हणाली, वन्सं येतील तेव्हा. मी एकटी गेले तर त्यांना वाटेल, मी रागावलेय.’

अडीच महिने तू थांबलीस. माझा गुडघा बरा व्हायची वाट बघत.

शनिवारी, म्हणजे परवा, मी पार्किंगमध्ये उतरले. वाटलं होतं, चाकं बसली असतील, धूळ असेल, कोळिष्टकं असतील. तुझीही आणि माझीही सायकल पुसलेली होती, हवा थोडीशीच उतरलेली. वॉचमन म्हणाला, ‘भाभी हर शनिवार येऊन हवा भरायची ना. दोन्ही गाडीत. मैं बोला, ती दुसरी तर कोणी चालवत नाही. बोली, चलानेवाली आयेगी.’ मी साखळी काढली. किल्ली दोनदा हातातून पडली.

दादाला मी सांगितलं, सकाळी कालव्याला जाऊन येते. तो फक्त म्हणाला, पुलाच्या अलीकडेच थांब. मी म्हटलं, थांबेन. कशी ओलांडणार होते मी? करंजाखाली थोडा वेळ बसायचं, तुझी सायकल टेकवून, आणि परत यायचं, असंच मनात होतं.

काल सकाळी नदीच्या पुलावरून जाताना मागचा ब्रेक करकरला तेव्हाच खरं तर मी परतायला हवं होतं. सगळी वाट पुढच्या ब्रेकवर गेले. पाड्यावर उतरून चालले. घंटी वाजवली नाही. अंगणातल्या एका बाईने तुझी सायकल ओळखली, तुझ्याविषयी विचारलं. मी सांगितलं. ती हातातला झाडू खाली ठेवून मला पाड्याच्या टोकापर्यंत पोचवायला आली.

करंजाखाली सायकल उभी केली आणि सवयीने खोडाकडे तोंड केलं. मोजायलाही लागले. शंभराच्या आसपास मला स्वतःचाच राग आला. मोजतेय कोणासाठी? कोण जातंय पुलावरून? पलीकडून कोणाच्या दोन रिंगा येणार आहेत? आता बघितलं तर काय बिघडणार होतं?

म्हणून वळले, वहिनी. आणि पुलावर एक माणूस चालला होता. कठड्यावर नाही. तो कमरेपासून वरच तेवढा दिसत होता, अर्धा माणूस जणू भिंतीवरून सरकत चाललाय. तो पन्हाळाच्या आतून चालत होता.

तो पाटकरी होता, कालव्याचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा. खांद्यावर फावडं होतं. अलीकडे येऊन त्याने सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुम्ही बाईंच्या वन्सं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं, आणि तुझं सांगितलं. तो तिथेच काठावर बसला. जरा वेळाने मी त्याला विचारलं, बाई कठड्यावरून कशा जायच्या हो?

‘कठड्यावरनं कशाला जातील?’ तो म्हणाला. ‘शनवारी सांजच्याला मी पानी बंद करतो, ते सोमवारी सोडतो. आईतवारी पन्हाळात घोटाभर पानी. बाई त्यातनंच जायच्या, सायकल ढकलत. आमची शाळेची पोरं पन तशीच जायची, बाई पन तशाच गेलेल्या. तुमी तर हितंच असायच्या. कदी बघितलं नाय?’

माझी नजर, जिच्यातून काही सुटत नाही. घोटाभर पाणी बघितलं होतं मी, ओल्या चपला बघितल्या होत्या, शनिवार नाही आणि रविवारच, हेही ऐकलं होतं. सगळे टाके समोर होते आणि मी खोडाकडे तोंड करून उभी होते. तू का नाही सांगितलंस, असं आता तुझ्याशी भांडावंसं वाटतं. पण तू सांगत होतीस. दर रविवारी सांगत होतीस, वळून बघा. आणि त्या दिवशी दादासमोर सांगायला तोंड उघडलंस तर मी तुझ्या आधी बोलले.

पन्हाळात उतरायला तीन पायऱ्या आहेत. मी तुझी सायकल घेऊन उतरले. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या भिंती, खाली शेवाळ, थंड पाणी. मी तरीही एकेक पाऊल चाचपून टाकत होते, हे तुला सांगायला हवं. भीती काही गेली नाही. मध्यावर मला वाटलं, ह्याने पाणी खरंच बंद केलंय ना? मी मागे वळून पाटकऱ्याला ओरडून विचारलं, आणि त्याने हात हलवला. मग उरलेला पूल मी भराभर ओलांडला. चपला भिजल्या, सलवारीचे काठ भिजले.

पलीकडे काय आहे ते आता मला माहीत आहे. काही नाही. कालवा थोडा पुढे जाऊन शेतांत संपतो. तुझ्या वडिलांच्या जमिनीला कुंपण घातलंय, आत प्लॉट पाडलेत. पुलाच्या तोंडाशी एक धुण्याचा दगड आहे. पाटकरी म्हणाला होता, बाई त्या दगडावर दहा मिनिटं बसायच्या, पाय पाण्यात सोडून, अलीकडे तोंड करून, आणि मग उठून परत यायच्या. मी त्या दगडावर बसले.

फोन काढला आणि सवयीने माझं बोट तुझ्याच नावावर पडलं. दोन रिंगा झाल्या की तोडायचा, हे हाताला पाठ. दुसऱ्या रिंगेलाच कोणीतरी उचलला.

‘पोचलीस?’ दादा म्हणाला. तुझा फोन त्याने तुझ्या फोटोपाशी चार्जिंगला लावून ठेवलाय, रिचार्जही केलाय. तिथेच बसला होता म्हणे सकाळपासून.

मी म्हटलं, पोचले, पलीकडे. तो एकदम म्हणाला, कठड्यावरून गेलीस? मी त्याला सांगितलं, कठड्यावरून कधी कोणी गेलंच नव्हतं, दादा. सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, ती का नाही बोलली मग? मी म्हटलं, मी बोलू दिलं नाही. हे त्याला सांगायला मला दहा महिने लागले, आणि तुला सांगायला त्याच्याहून जास्त.

फोन ठेवला आणि समोर बघितलं. दगडावरून ओढ्यापलीकडचं करंजाचं झाड सरळ दिसतं. खोड, खालची सावली, सगळं. तिथे उभं असलेलं माणूस पाठमोरं आहे की तोंड करून आहे, हेही दिसतं. तू दर रविवारी तिथे दहा मिनिटं बसून माझी पाठ बघत होतीस. एकदा तरी वळेल म्हणून.

ब्रेकची तार मी ह्या आठवड्यात बदलून घेते. पुढच्या रविवारी दादा येतो म्हणालाय, माझ्या सायकलवर, हळूहळू. पूल ओलांडायची त्याची अजून तयारी नाही. नसू दे. मी त्याला करंजाखाली उभा करणार आहे, तोंड पुलाकडे करून.